कार्ल्याच्या करवतीचा पट्टा

"मानवजातीच्या प्रगतीचं चाक आजपासून कार्ल्यात फिरणार हाय! आन एकदा का फिराया लागलं, की जगातली कुठलीबी शक्ती त्याला थांबवू शकनार न्हाई!"

हे वाक्य हौशीरामानं १९३५ सालच्या खंडेनवमीला, सकाळी नऊच्या सुमारास, हातात नारळ धरून उच्चारलं. मग नारळ फोडला आणि इंजिनाचं हँडल मारलं. चाक फिरलं. साधारण अकरा वेळा फिरलं असेल. बाराव्या फेऱ्याला पट्टा घसरला, तेराव्याला त्यातून धूर निघाला आणि चौदाव्याला तो तुटून उडाला. जाता जाता त्यानं कोंडाजीआबांचं पागोटं उचललं आणि नैवेद्याच्या ताटात नेऊन ठेवलं. जगातल्या इतर शक्तींना काही करावंच लागलं नाही.

मी त्या दिवशी लोणावळ्याहून प्रसादासाठी गेलो होतो, इतिहासासाठी नव्हे. प्रसादात पागोट्याचे धागे होते.

हौशीराम म्हणजे रेल्वेचा माणूस. लोणावळ्याच्या शेडमध्ये वाफेच्या इंजिनांना तेल घालण्यात त्याची बावीस वर्षं गेली. मग घाटात विजेची इंजिनं आली आणि वाफेच्या इंजिनांबरोबर हौशीरामही घरी आला. येताना त्यानं एक जुनं तेलाचं इंजिन आणि गोल करवतीचं टेबल आणलं. खंडाळ्याला एका बंगल्याचं काम संपलं होतं, तिथलं ते टाकाऊ सामान. इंजिन एका बाजूला, करवतीचं टेबल दुसऱ्या बाजूला, आणि इंजिनाच्या चाकावरून करवतीच्या चाकावर जाणारा कातड्याचा पट्टा. पट्टा फिरला की करवत फिरते, करवत फिरली की फळी निघते. एवढं साधं ते शास्त्र. त्याच्यावर हौशीराम दोन तास बोलू शकत असे.

गंमत म्हणून सोडून द्यावी अशी मात्र ही गोष्ट नव्हती. वडगावच्या कचेरीतून कागद आला होता, की कार्ल्याला मुलींची शाळा मंजूर, शिक्षिकाही मंजूर. अट एकच. दिवाळीची सुटी संपून साहेब पाहणीला येतील तेव्हा इमारतीला दार, चार खिडक्या आणि आत बारा बाकं हवीत. नसतील तर शिक्षिका पलीकडच्या गावाला, बेडश्याला जाईल, कारण बेडश्याच्या लोकांनी खोली तयार ठेवली आहे.

कार्ल्यानं भिंती उभ्या केल्या, कौलं चढवली. लाकूड गावानं दिलं. जागा हौशीरामानं दिली, स्वतःच्या शेडला अगदी लागून. फळ्या वाहून न्यायला नकोत, हा त्यामागचा विचार. त्या विचाराबद्दल सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. आणि दार, खिडक्या, बाकं यांच्या फळ्या मी काढून देतो, असा शब्दही त्यानंच चारचौघांत दिला होता.

आता त्या शब्दाचे दोन तुकडे शेडच्या जमिनीवर पडले होते.

"दिवाळीला किती दिस ऱ्हायलं?" कोंडाजीआबांनी पागोट्यावरची खीर झटकत विचारलं.

कोंडाजीआबा हे गावचे जुने आराकस. मोठा ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, एकानं वर उभं राहायचं, एकानं खाली उतरायचं, आणि दोघांनी मिळून लांब आरा ओढायचा. खाली त्यांचा मुलगा सोपान असे. तो चाळीस वर्षांचा झाला तरी खालीच होता. त्यांना शाळेचं काम दिलं असतं तर फळ्या संक्रांतीला निघाल्या असत्या. हे आबांनाही ठाऊक होतं, म्हणून ते फार बोलत नसत. फक्त टोमणे मारत.

"माज्या आऱ्याला पट्टा लागत न्हाई," ते म्हणाले. "भाकर लागती."

"आबा, नवा पट्टा आनतो," हौशीराम म्हणाला. "हितला न्हाई. पुन्याचा."

"अवं, पर माप घिऊन जावा," सरुबाई म्हणाली. ही हौशीरामाची बायको. बोलण्याआधी विचार करण्याची वाईट खोड तिला होती.

"माप कशाला? बावीस वर्सं इंजनात काढली. माप डोळ्यात हाय."

दुसऱ्या दिवशी दसरा होता. सोनं वाटून झालं आणि तिसऱ्या दिवशी मळवलीच्या स्टेशनावरून हौशीराम डोळ्यात माप घेऊन पुण्याला गेला.

दुकानात काय झालं ते त्यानं मला स्वतः सांगितलं. म्हणजे त्यात त्याची बाजू किती असेल ते तुम्ही धरून चाला.

दुकानदार भला माणूस होता. त्यानं साधे प्रश्न विचारले. चाकांची गोलाई किती? मोठं चाक कोणतं, धाकटं कोणतं? दोन्हींत अंतर किती? जुन्या पट्ट्याचा तुकडा आणलाय का?

"मशीन लय मोठं हाय," हौशीराम म्हणाला.

"मोठं म्हणजे केवढं?"

"कार्ल्यात दुसरं न्हाई एवढं."

दुकानदारानं समोर चार जाती मांडल्या. पातळ एकेरी कातड्याचा, दोन थर चिकटवलेला जाड दुहेरी, लाल कॅनव्हासचा आणि उंटाच्या केसांचा. यातून निवड करायची होती. आणि मावळातला माणूस आयुष्यात मन लावून एकच निवड करायला शिकलेला असतो, ती म्हणजे बैलाची. हौशीराम पट्ट्यांभोवती एक फेरी मारून आला. प्रत्येकाच्या अंगावर थाप मारली. अंगठ्यानं दाबून पाहिलं. एकाचं टोक वर उचलून खाली पाहिलं, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नाही. जाड दुहेरी पट्टा हात मारला तरी हलला नाही, तेव्हा त्याचं मन बसलं.

मग त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, दुकानदाराच्या हातावर टाकलं आणि उपरण्याखाली त्याची बोटं धरली. बैलबाजारात सौदा असाच होतो, चार लोकांना भाव कळू नये म्हणून. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक वैद्य आहे. त्यानं दुसराही हात पुढे केला आणि अलीकडे भूक लागत नाही म्हणून सांगितलं.

"धाकटं चाक फार लहान असेल तर हा जाड पट्टा चालायचा नाही हं," निघताना तो म्हणाला. हे वाक्य हौशीरामानं ऐकलं होतं. पण ते त्याला आठवलं सतरा दिवसांनी.

जाड पट्ट्याचं भेंडोळं खांद्यावर घेऊन तो मळवलीला उतरला तेव्हा लोकांना वाटलं, यानं अजगर मारला. घरी सरुबाईनं पट्ट्याला ओवाळलं, हळद-कुंकू लावलं. पट्टा चढवला. लांबी जास्त झाली होती ती कापली. डोळ्यातल्या मापाला वीतभर सूट द्यावी लागते एवढंच.

इंजिन सुरू झालं. फटफट, फटफट. इंजिनाचं चाक फिरलं, पट्टाही फिरला, आणि करवत जागची हलली नाही. करवतीकडचं चाक होतं देव्हाऱ्यातल्या ताम्हणाएवढं, आणि त्याच्यावरून हा सुस्त जनावरासारखा पट्टा नुसता टेकून चालला होता. मध्येच करवत दोन फेरे घेई, ओंडका पुढे केला की थांबे.

"कोरडा पडलाय," हौशीरामानं निदान केलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी थोडक्यात सांगतो, कारण तेवढेच ते सहन होतात. हौशीरामानं टेबल मागं सरकवलं, पुढं सरकवलं, पट्टा चारदा कापला आणि पाचदा जोडला. पट्टा रोज जास्त घसरायला लागला. शेडमधून जळका वास सुटे, आणि कोंडाजीआबा रस्त्यावरून जाताना विचारीत, "हौशा, भजी कशाची हायती?"

दरम्यान बेडश्याहून निरोप आला. येणाऱ्या मास्तरीणबाईंना तांदळाची भाकरी चालते का बाजरीची, एवढंच त्यांना विचारायचं होतं. म्हणजे तयारीला बरं. हा निरोप ऐकल्यावर हौशीराम दोन दिवस कुणाशी बोलला नाही. त्याच्या इतिहासात असं आधी झालं नव्हतं, त्यामुळे सरुबाई खरोखर घाबरली.

साहेब यायला चौदा दिवस राहिले होते. मधे दिवाळी होती. एकही फळी निघाली नव्हती.

सरुबाईनं मग साधी गोष्ट केली. जुन्या पट्ट्याचा तुकडा पदराखाली घेतला आणि गावाच्या खालच्या अंगाला धोंडाबाईकडं गेली. धोंडाबाई वहाणा शिवायची, विहिरीवरच्या कातडी मोटा सांधायची. तीस-पस्तीस वर्षं तिच्या हाताखालून कातडंच जात होतं. तिचं घर शेडपासून तीनशे पावलांवर होतं. पुणं चाळीस मैलांवर होतं. हौशीराम आधी पुण्याला गेला.

धोंडाबाई आली आणि शेडच्या दाराबाहेर उभी राहिली.

"आत या की मावशी," सरुबाई म्हणाली.

आत चार माणसं होती. त्यांतलं एक घसा खाकरून म्हणालं, "पूजेचं मशीन हाय, म्हनून म्हनलं..."

ते माणूस म्हणजे कोंडाजीआबा.

"आबा," सरुबाई म्हणाली, "पट्टा कातड्याचा. त्यो दसऱ्यापासनं देवावानी पुजतुया. कातड्याचा इटाळ झाला न्हाई, मग ते कमावणारीचा कसा हुईल? आन झालाच, तर तुमी पायातल्या वहाना भाईर काढून घरी जावा. त्याबी मावशीनंच शिवल्यात."

आबांनी पायांकडं पाहिलं. वहाणा तशाच ठेवून ते ओंडक्यावर बसले.

धोंडाबाई आत आली. जाड पट्ट्याकडं तिनं बघितलंही नाही. आधी धाकटं चाक पाहिलं, त्याच्यावर बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

"ह्ये खोबरेल," ती म्हणाली.



तिनं दुसऱ्या जागी बोट फिरवलं. "ह्ये इंजनाचं काळं तेल." मग पट्ट्याची आतली बाजू चाचपली. "आन ह्ये करडईचं. घाण्याचं हाय. ताजं. काल न्हाईतर परवा."

सरुबाईनं पदराला हात पुसले.

"खोबरेल माजं," सरुबाई हळूच म्हणाली. "रोज सकाळी पूजा करत हुते. म्हनलं, देवाला लावतो तसं..."

"काळं माजं," हौशीराम म्हणाला. "रोज पहाटंला. घसरत हुता म्हनून. बावीस वर्सं, मावशी, जे चालंना त्याला तेल घालायचं, हेच केलं."

"आन करडईचं?"

करडईचं आधी कुणाचंच नव्हतं. मग ओंडक्यावरून आवाज आला.

"आमी आऱ्याला लावतो. आरा अडला की लावायचं. म्हनलं, हेबी बिचारं अडलंय."

"आबा, तुमी?" हौशीराम थक्क झाला. "तुमी तर भजी इचारत हुता!"

"त्ये चारचौघांत," आबा म्हणाले. "तेल दुपारी घालून जायचो, तू जेवाय गेलास की. आमच्या सोपानची बया सात वर्साची हाय. बेडश्याला कोन धाडंल तिला रोज? मधी केवढं अंतर." आणि एवढं मऊ बोलून गेल्याचं लक्षात आल्यावर त्यांनी जोरात जोडलं, "मशीन तुजं भिकारच हाय, त्ये येगळं."

तर असं झालं होतं. पट्टा चाकाला धरून राहायला हवा, आणि त्यानं धरू नये म्हणून गावातली तीन माणसं प्रेमानं, एकमेकांपासून लपवून, रोज झटत होती.

धोंडाबाईनं पहिल्यांदा हसून घेतलं. मग पदर खोचला.

"समद्यात आधी ही चाकं राखंनं घासा. पार कोरडी करा. तेलाचा हात लागला तर तोडीन." मग तिनं पुण्याच्या पट्ट्याचं टोक उचललं आणि धाकट्या चाकाभोवती वळवायचा प्रयत्न केला. वळलं नाही. "भाऊ, ह्यो पट्टा चांगला हाय. मोठ्या चाकाला. ह्या एवढ्याशा चाकावर त्याला वाकाया सांगताय म्हंजी म्हशीला पाटावर मांडी घालून बस म्हनायचं."

आणि तेव्हा, सतराव्या दिवशी, हौशीरामाला दुकानदाराचं वाक्य आठवलं.

"मग जाड न्हाई घ्यायचा?" त्यानं विचारलं. हा प्रश्न विचारणं त्याला किती जड गेलं, ते मावळाबाहेरच्यांना कळायचं नाही.

"पातळ. चांगला लुसलुशीत. पर पाठीच्या कातड्याचा. पोटाकडचं कातडं एका जागी ताणतं, एका जागी न्हाई. मग पट्टा नागावानी वाकडा पळतो. माज्याकडं पाठीचा एक पट्टा हाय, मोटेसाठी राखून ठेवलेला. त्यातनं काढू."

तिनं सुंभ घेतलं आणि दोन्ही चाकांवरून फिरवून माप काढलं. मग त्यातून चार बोटं तोडली.

"अवं, आखूड पडंल!" हौशीराम ओरडला.

"नवी वहान पहिल्यांदा चावती का न्हाई? मग सैल पडती का न्हाई? तसंच हे. आधीच चार बोटं कमी धरायचं."

कातडं कापलं, कडा सारख्या केल्या. मग तो पट्टा आंब्याच्या फांदीला टांगला आणि खाली जात्याची तळी बांधली, ताण काढून घेण्यासाठी. दोन दिवस पट्टा तसा लटकत होता. तिसऱ्या दिवशी चढवायची वेळ आली तेव्हा शेवटचं भांडण झालं. पट्ट्याची एक बाजू गुळगुळीत, एक खडबडीत. हौशीरामाच्या मते खडबडीत बाजू चाकाकडं हवी, कारण खडबडीत ती धरते. कोंडाजीआबांचंही तेच मत पडलं. दोघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ, आणि तेव्हाही दोघं चुकत होते.

"खडबडीत अंग नुसतं टेकतं," धोंडाबाई म्हणाली. "गुळगुळीत अंग पुरतं बसतं. करा बघू तुमच्या मनासारखं. मी बसते हितं."

ती खरंच बसली. तिच्या त्या बसण्याकडं पाहून हौशीरामानं हातातला पट्टा उलटा केला आणि गुळगुळीत बाजू चाकाला लावली. वादीनं जोड शिवताना गाठी बाहेरच्या अंगाला राहतील असं तिनं स्वतः पाहिलं.

हौशीराम इंजिनापाशी गेला, हँडलला हात घातला, आणि वळून लोकांकडं तोंड केलं.

"मानवजातीच्या प्रगतीचं..."

"अवं, आधी चालू करा," सरुबाई म्हणाली.

त्यानं चालू केलं. फटफट, फटफट. पट्टा क्षणभर थरथरला आणि मग चाकावर असा बसला, जणू तिथंच जन्मला होता. करवत फिरली. फिरता फिरता तिचे दात दिसेनासे झाले आणि नुसती एक रुपेरी तबकडी उरली. तिचा आवाज चढत चढत गेला, तो थेट समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला. पहिला ओंडका आबांनी स्वतः पुढं केला. फळी निघाली. सरळ, गुलाबी, वासाची. आबांनी तिच्यावरून हात फिरवला. त्यांच्या आऱ्याला अशी एक फळी काढायला सकाळ लागायची.

"बरी हाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती सोपाननंही चाळीस वर्षांत ऐकली नव्हती.

अकरा दिवसांत, दिवाळी धरून, दार झालं, चार खिडक्या झाल्या, बारा बाकं झाली. तेराव्या बाकाचंही लाकूड उरलं. या काळात यंत्राची रोज पूजा होई, पण फुलांची. तेलाची वाटी सरुबाईनं कुलपात ठेवली होती, आणि किल्ली धोंडाबाईच्या कनवटीला होती. पुण्याच्या जाड पट्ट्याचं काय करायचं हा प्रश्न तिनंच सोडवला. तिनं त्याचे तळ कापले आणि गावातल्या निम्म्या लोकांच्या वहाणांना लावले. पहिला जोड कोंडाजीआबांना. पुण्याहून आणलेला तो पट्टा शेवटी चालला म्हणायचा.

सोमवारी वडगावहून साहेब आले. त्यांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. बाकं मोजली. सहीसाठी टेबल नव्हतं, म्हणून तेराव्या बाकाच्या फळीवर कागद ठेवून सही केली. बेडश्याचे दोन लोक लांब उभे राहून हे पाहत होते. त्यांना सरुबाईनं बोलावून चहा पाजला आणि मास्तरीणबाईंना तांदळाचीच भाकरी चालते असं सांगितलं.

बाई तळेगावच्या. नाव अरुंधती. चष्मा, आवाज लहान, पण हसणं मोकळं. बाकं बारा होती आणि मुली एकोणीस, तेव्हा कोण कुठं बसलं हे बाईंनी ठरवलं नाही, बाकांनी ठरवलं. पहिल्या बाकावर कोंडाजीआबांची बया आणि तिच्या अंगाला अंग लावून धोंडाबाईची नात बसली. आबांनी खिडकीतून ते पाहिलं. खिडकीच्या फळीला हात लावला, ती गुळगुळीत आहे का ते पाहिलं, आणि बाजूला झाले.

हौशीरामाला मात्र आता राहवेना. सगळा गाव जमला होता. साहेब अजून निघाले नव्हते. शेजारच्या शेडमध्ये त्यानं ओंडका लावून ठेवला होता. नवं पागोटं बांधून तो इंजिनाजवळ उभा राहिला आणि या खेपेला त्यानं वाक्य पुरतं म्हटलं. मानवजातीची प्रगती, कार्लं, चाक, जगातली शक्ती, सगळं एका दमात. मग हँडल मारलं. पट्टा बसला, करवत सुरात आली, तिचा आवाज डोंगरावर जाऊन परत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या. हौशीरामाच्या डोळ्यात पाणी होतं. ते लाकडाच्या भुशानं आलं असं तो अजून सांगतो.

तेवढ्यात शाळेचं नवं दार उघडलं आणि अरुंधतीबाई बाहेर आल्या. दोन पावलांवर तर शेड. त्यांचे ओठ हलताना दिसले, पण शब्द कुणालाच ऐकू आला नाही. बाई आभाराचं बोलणार हे सगळ्यांना कळलं. हौशीरामानं मोठ्या मनानं करवत थांबवली आणि पागोटं सारखं केलं.

"हौशीरामभाऊ," बाई म्हणाल्या, "एक विनंती होती. शाळा भरलेली असेल तेवढा वेळ हे यंत्र बंद ठेवाल का? मुलींना अ-आ-इ ऐकू येत नाही."